लालावर हिरवा बसत नाही

रिडक्शन लिनोकटमध्ये लाल आणि हिरवा एकाच चित्रात घेणं म्हणजे भांडण विकत घेणं. बाकीचे रंग एकमेकांशी कसंबसं जुळवून घेतात. पिवळ्यावर नारिंगी, नारिंगीवर लाल, लालावर तपकिरी आणि सगळ्यांवर काळा, अशी उतरंड लावली की छाप देखणी येतेच. या पद्धतीतली निम्मी चित्रं सूर्यास्ताची का असतात, ते यावरून कळावं. मला सूर्यास्त नको होता. सोलापूरच्या पूर्व भागात एका डाईंगच्या, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याच्या, अंगणात आडव्या बांबूंवर सुताच्या ओल्या लड्या वाळत असतात, त्या मला छापायच्या होत्या. शेंदराकडे झुकणारा लाल, बाटलीसारखा हिरवा, हळदी पिवळा. मागे चुन्याची भिंत, भिंतीवर लड्यांची सावली, खाली ओली काळी फरशी. लाल आणि हिरव्या लड्या अगदी खेटून, मध्ये फक्त बांबू.

पद्धत माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. लिनोचा तुकडा एकच. जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाची भुकटी मिसळायची आणि तागाच्या कापडावर त्याचा थर द्यायचा, म्हणजे लिनोलियम. इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टनने 1860 च्या दशकात ते जमिनीवर अंथरायला म्हणून काढलं. चित्रकारांनी ते पुढे कोरायला घेतलं. जिथे कागदाचा पांढरा राखायचा तेवढा भाग आधी कोरून काढायचा आणि उरलेल्यावर रंग फिरवून सगळ्या प्रती छापायच्या. मग जिथे तो पहिला रंग राखायचा ती जागा कोरायची, त्याच लिनोवर दुसरा रंग लावायचा आणि त्याच प्रतींवर, पहिल्या रंगाच्या डोक्यावर, छापायचा. असं करत लिनो संपत जातो. दुसरा रंग सुरू झाला की पहिला पुन्हा छापता येत नाही, कारण ती जागाच उरलेली नसते. प्रत्येक रंग आधीच्या रंगाच्या अंगावर बसतो, आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे लिनोकट म्हटलं की नंदलाल बोसांचा 1930 सालचा, काठी टेकत निघालेला गांधी डोळ्यांपुढे येतो. काळी शाई, पांढरा कागद, विषय संपला. एकाच लिनोवर खोदत खोदत रंग चढवण्याची पद्धत गाजवली ती पिकासोने, 1950 च्या दशकाच्या अखेरीस, दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावात आर्नेरा नावाच्या मुद्रकाला हाताशी धरून. त्यालाही उजळाकडून गडदाकडेच जावं लागलं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना रंगचक्र शिकवताना लाल आणि हिरवा समोरासमोर दाखवून ‘विरोधी रंग’ असं फळ्यावर लिहून मोकळी होते. विरोध म्हणजे काय ते लिनोवर कळतं. मोठ्या लिनोला हात लावण्याआधी हाताच्या पंजाएवढे कपटे कापून घेतले आणि त्यांवर चाचण्या सुरू केल्या. ऐन उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे लिनो इतका मऊ की यू-गॉज, म्हणजे गोल तोंडाची कोरणी, लोण्यात फिरल्यासारखा फिरत होता. थंड हवेत लोक लिनोवर इस्त्री फिरवून तो मऊ करतात. आपल्या मे महिन्यात तो खर्च वाचतो.

शाई आमच्याकडे बहुतेक जण वापरतात तीच, ऑफसेट छपाईची. छापखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात किलोच्या डब्यात मिळते, चित्रकारांच्या ट्यूबपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि छापायला चिवट असते. तिची एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी लागते. चार रंगांच्या छपाईसाठी बनवलेले प्रोसेस यलो, मॅजेंटा आणि निळा हे मुळात पारदर्शक असतात, कारण ते एकमेकांतून दिसावेत म्हणूनच केलेले असतात. पांढऱ्याचे डबे दोन. ओपेक व्हाइट झाकतो, ट्रान्स्परंट व्हाइट नुसता पातळ करतो, स्वतःचा रंग देत नाही. डब्यात दोन्ही साधारण सारखेच फिकट दिसतात, कागदावर मात्र त्यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही.

पहिला क्रम सरळ होता. पिवळा, त्यावर लाल, त्यावर हिरवा. लालावरचा हिरवा आला तो शेणाच्या रंगाचा. तसा तो येणारच होता. लाल शाई हिरवा प्रकाश गिळते, हिरवी शाई लाल प्रकाश गिळते, मग डोळ्यापर्यंत यायला उरतं काय? क्रम उलटा केला, आधी हिरवा आणि वर लाल, तर हिरवा सुंदर आला आणि लालाची वीट झाली. आता वीट वाईट असते असं नाही, पण माझ्या लड्या शेंदरी होत्या.

मग ओपेक व्हाइट. हिरव्यात भरपूर पांढरा घातला की तो लाल झाकतो, हे खरं. पण मग हिरवा बाटलीचा राहत नाही, दवाखान्याच्या भिंतीचा होतो. आणि कडांना, जिथे शाईचा थर पातळ पडतो, तिथे खालचा लाल डोकावतो आणि प्रत्येक लडीला आजारी माणसाच्या डोळ्यासारखी किनार येते. मधे नुसत्या पांढऱ्याचा एक थर देऊन मग हिरवा चढवायचा, हाही उपाय करतात. तोही करून पाहिला. गडद रंगावर पातळ पांढरा थर दिला की तो पांढरा दिसतच नाही, निळसर राखाडी दिसतो. काळ्याभोर झाडीपुढून जाणारा चुलीचा धूर निळा दिसतो, त्याचंच हे कारण. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि मागे अंधार असला की तोच नजरेत भरतो. तो निळसरपणा मारायला दुसरा पांढरा थर द्यावा लागतो. म्हणजे पिवळा, लाल, पांढरा, पांढरा, हिरवा. कागदावर चित्र राहत नाही, ऑइलपेंट मारलेला दरवाजा होतो.

या चाचण्यांच्या पट्ट्या घेऊन मी डाईंगवर गेले होते, लड्यांच्या रंगाशी ताडून बघायला. तिथले अण्णा तेलुगू, जन्म सगळा रंगाच्या हौदापाशी गेलेला. मी पट्टी हौदाजवळच्या ट्यूबलाइटखाली धरली तर म्हणाले, “आत काय बघालाव मॅडम? भायेर आणा की.” मला दारात नेलं, उन्हात नाही, दाराच्या सावलीत. शेड नेहमी तिथे पास करायची. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उजेडात वेगळे पडतात आणि मग पार्टी माल परत पाठवते. ही गोष्ट छपाईलाही जशीच्या तशी लागू आहे. दोन शाया वेगवेगळ्या पदार्थांच्या असल्या तर एका दिव्याखाली जुळ्या आणि दुसऱ्याखाली परक्या दिसू शकतात. त्या दिवसापासून संध्याकाळनंतर शाई कालवणं मी बंद केलं.

दारात उभं राहून त्यांनी पट्ट्या चाळल्या आणि विचारलं, “हिरव्याच्या खाली लाल कशाला घातलाव?” मी पद्धत समजावली. एकच फळी, एकावर एक. त्यांना ते काही पटलं नाही. माग असो की डाईंग, तिथे लाल धागा लाल असतो आणि हिरवा हिरवा. चादरीत दोघं शेजारी शेजारी येतात, कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही. मागावरच्या माणसाला माझी अडचण म्हणजे स्वतःहून करून घेतलेली वाटणारच. पण घरी येताना तोच प्रश्न मी उलटा धरून बघितला. हिरव्याखाली लाल नको, तर काय चालेल? पिवळा चालेल. आणि लालाखाली काय चालेल? तोही पिवळाच.

म्हणजे हिरवा डब्यातून काढायचाच नाही. पिवळ्यावर पारदर्शक निळा दिला की हिरवा तयार. जुने रंगारी हिरवं कापड याच वाटेने करायचे, निळीत बुडवलेल्याला पिवळा चढवून. आणि पिवळ्यावर पारदर्शक मॅजेंटा-लाल दिला की नुसत्या लालाला कधी येणार नाही असा शेंदरी झगझगीतपणा येतो. दोघांचा पाया एक. त्यांनी एकमेकांच्या डोक्यावर बसायचं नाही, एकाच फेरीत, एकाच लिनोवर, शेजारी शेजारी बसायचं. त्यासाठी मोठ्या रोलरऐवजी दोन-तीन बोटं रुंदीचे छोटे रोलर घ्यायचे आणि लिनोच्या वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळी शाई फिरवायची. यात नवीन काही नाही, बरेच प्रिंटमेकर असं करतात. पण कुठला रंग कुणासोबत एका फेरीत घ्यायचा, ते ज्याच्या त्याच्या चित्रातच शोधावं लागतं.

पहिल्या फेरीत सगळ्या लड्यांवर पिवळा आणि भिंतीवरच्या सावलीला फिकट राखाडी. राखाडी म्हणजे काळ्यात ट्रान्स्परंट व्हाइट, तिसरं काही नाही. दोघांच्या मधे उन्हाने पांढरीफेक पडलेली भिंत होती, म्हणजे कोरून काढलेली जागा, त्यामुळे रोलर एकमेकांच्या हद्दीत जायची भीती नव्हती.

खरी परीक्षा दुसऱ्या फेरीची. लाल आणि हिरव्याच्या मधे फक्त बोटभर जाडीचा बांबू. शाळेच्या कपाटात ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट्स धूळ खात पडल्या होत्या, त्यातली एक हिरव्या लड्यांच्या आकारात कापून त्या भागावर ठेवली, लाल बिनधास्त फिरवला, शीट उचलली. निळा मात्र मोकळ्या हातानेच फिरवावा लागतो, कारण आता शीट ठेवायची तर ती ओल्या लालावर पडणार. इकडेतिकडे गेलेली शाई बोटाला मलमल गुंडाळून पुसली. तरी बांबूवर लाल-निळा एकमेकांत शिरतातच. शिरू दे. बांबू शेवटच्या फेरीत काळपट होणार होता, म्हणून तो मुद्दाम न कोरता ठेवला होता. सगळी घाण त्याच्या पोटात गेली.

शाई किती घ्यायची ते बघून कळत नाही, ऐकून कळतं. काचेवर रोलर फिरताना बारीक चुरचुर ऐकू आली पाहिजे, तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडल्यावर येते तशी. चपचप असा ओला आवाज आला की शाई जास्त. मग काचेच्या कोपऱ्यात रोलर कोरडा फिरवून ती कमी करायची. शेड बघायची तर छापखान्यातले लोक करतात तसं बोटाच्या टोकाला कणभर शाई घेऊन कागदावर टिचक्या मारत पसरवायची. ढिगात निळा जवळजवळ काळा दिसतो, टिचक्या मारून पातळ झाला की मग त्याचं खरं रूप दिसतं. आणि या टिचक्या पांढऱ्या कागदावर मारून उपयोग नाही, आधी छापलेल्या पिवळ्यावर मारायच्या.

पिवळ्या लड्यांच्या घड्यांना सावली द्यायची होती. वाटेल की पिवळ्यावर थोडा काळा टाकला की झाली सावली. पिवळ्यावर काळा पडला की शेवाळ येतं. तेलाच्या डब्याच्या तळाशी असतो तसला हिरवट रंग. म्हणून पिवळ्याच्या सावल्या याच फेरीत, तिसऱ्या छोट्या रोलरने, लालात भरपूर ट्रान्स्परंट व्हाइट मिसळून दिल्या. नारिंगी सावली. ही फेरी संपताच त्या सगळ्या लड्या लिनोवरून कोरून टाकल्या, म्हणजे पुढचा गडद रंग त्यांच्या वाटेला जाणारच नाही.

माझ्याकडे प्रेस नाही. कागद लिनोवर पडला की वर बटरपेपर ठेवून लाकडी डावाच्या पाठीने घासते. याने खांदा दुखतो, पण कुठे किती दाब द्यायचा ते हातात राहतं.

आता सोलापूरच्या हवेचं. पारा चाळिशीच्या वर असला की शाई पातळ होते आणि व्ही-गॉजने काढलेल्या सुताच्या बारीक रेषांत शिरून त्या बुजवते. त्यात मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घोटली की ती पुन्हा ताठ होते. उन्हं वर यायच्या आत छापणं हा दुसरा उपाय, आणि खरं तर तोच चांगला. कूलरचा त्रास निराळा. कूलर लावलेल्या खोलीत हवा दमट होते, कागद ओलावा पितो आणि फुगतो. केसाएवढाच फुगतो, पण तेवढ्याने पहिल्या फेरीचा पिवळा दुसऱ्या फेरीच्या लालाखालून एका बाजूने पट्टीसारखा बाहेर येतो. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून लावलेल्या खुणेच्या पिना जागच्या जागी, लिनो जागच्या जागी, आणि कागदच मोठा झालेला! तेव्हापासून कागदाचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कूलर नसलेल्या खोलीत राहतो आणि फेरीपुरताच बाहेर येतो. मी त्याच खोलीत घाम पुसत छापते. घरच्यांच्या मते हा वेडेपणा आहे.

तिसरी फेरी म्हणजे लाल आणि हिरव्या दोन्ही लड्यांच्या घड्यांतला अंधार. इथे एकच शाई दोघांना चालली. निळा, त्यात चिमूटभर काळा आणि पाच-सहा पट ट्रान्स्परंट व्हाइट. लालावर ती पडली की मरून रंगाची होते, हिरव्यावर पडली की बाटली. एका शाईत दोन रंग, आणि खालचे मूळ रंग आतून दिसत राहतात, म्हणून सावली चिकटवल्यासारखी वाटत नाही. हे छापण्याआधी बघायची सोय त्याच प्रोजेक्टरच्या शीटमध्ये आहे. शाई शीटवर फिरवायची आणि ती शीट ओल्या अंगाने वर ठेवून छापलेल्या प्रतीवर सरकवत न्यायची. लालावर आली की काय दिसतं, हिरव्यावर काय, सगळं आधीच कळतं. तीन-चार शेड अशा सरकवून बघितल्यावर काळा आणखी कमी केला.

शेड मनासारखी झाली, पण शाई बसेना. पहिल्या काही प्रतींवर ती ठिपक्याठिपक्यांनी उठली, तेलकट ताटावर पाणी सांडावं तशी. कोरड्या गरम हवेत खालचे दोन थर नुसते वाळले नव्हते, काचेसारखे कडक झाले होते. शिवाय दुसऱ्या थराला शोषून घ्यायला कागदच मिळत नाही, तो खालच्या शाईवरच बसतो, त्याची साय वरच्या वर चकाकते. वाळायला लवकर म्हणून शाईत कोबाल्ट ड्रायर घालतात, आणि तो वरून आत असा वाळवतो, म्हणजे चकाकी आणखी वाढते. उरलेल्या प्रतींवर फ्रेंच चॉक, म्हणजे शंखजिऱ्याची पूड, कापसाच्या बोळ्याने हलकेच चोळला, मऊ ब्रशने झटकला. पृष्ठभागाची चकाकी मेली आणि शाई बसली. पुढच्या फेरीसाठी ड्रायर अजिबात घातला नाही आणि थर पुरता कडक होण्याची वाट न बघता, बोटाला लागेनासा झाला की छापायला घेतला. घाई केली तर उलटं होतं. ओला थर उपटून लिनोला चिकटतो, तिथून रोलरला आणि रोलरवरून काचेवरच्या सगळ्या शाईत. या दोन्हींच्या मधला वेळ हवेवर ठरतो, त्याचं घड्याळ नाही.

शेवटच्या फेरीत बांबू, फरशी आणि छपराखालचा अंधार. नुसता काळा घेतला तर एवढ्या थरांवर तो डांबरासारखा चमकतो आणि बाकी चित्र मऊ दिसतं, म्हणून त्यातही मॅग्नेशियम कार्बोनेट घालून तो मॅट केला. लिनोवर तोवर काही बांबू, एक फरशी आणि छपराखालचा भाग एवढंच उरलं होतं.

प्रती वाळल्यावर एक घेऊन डाईंगवर गेले. अण्णांनी ती अर्थातच दाराच्या सावलीत नेली. हिरव्या लडीवर नखाने टकटक केलं आणि म्हणाले, जमलाय. लालाला काही म्हणाले नाहीत, म्हणजे तोही जमला होता. मग भिंतीच्या सावलीवर बोट ठेवलं. “हा निळा कुठला घेतलाव? चुन्याला असा निळा नसतो.”

निळा मी तिथे घातलाच नव्हता. तो पहिल्या फेरीतला राखाडी होता, काळा आणि ट्रान्स्परंट व्हाइट. शेजारी पिवळा आणि नारिंगी आले की राखाडी निळ्याकडे झुकतो. पॅरिसच्या गोब्लाँ या विणलेल्या भित्तिपटांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे अशीच तक्रार गेली होती, की तुमचा काळा धागा फिका पडतो. त्याने काळा तपासला, रंगात खोट नव्हती. विणताना शेजारी जे रंग येत होते, ते काळ्याचं रूप बदलत होते. त्यावर त्याने 1839 मध्ये जाडजूड ग्रंथच लिहिला. म्हणजे रंग शेजारी बसवले तरी भांडण सुटत नाही, नुसती जागा बदलते. हे सगळं अण्णांना सांगत बसले नाही. पिशवीतून दोन कोरे कागद काढले आणि सावलीच्या दोन्ही बाजूंच्या लड्या झाकल्या.

अण्णा वाकले. मग एक कागद स्वतःच उचलला, परत ठेवला, परत उचलला. चष्मा काढून पुसला.

“राखाडीच हाय की ओ,” म्हणाले. आणि आत वळून पोराला हाक मारली, मागच्या आठवड्यात काळ्यावरून परत आलेल्या चादरीचा नमुना घेऊन ये म्हणून.